जुने दुःख : खपली काढावी की नाही?

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे गुडघेदुखी, मूळव्याध आणि केस गळणे या तीन विषयांवरची असतात. गेल्या महिन्यात आलेले एक पत्र मात्र वेगळे होते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका भगिनीने ते लिहिले आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पतीने आत्महत्या केली. घरात सासूबाई आणि दोन मुले. तेव्हापासून घरात त्यांचे नाव कोणी काढत नाही, भिंतीवरचा फोटोसुद्धा आतल्या खोलीत गेला आहे. भावकीतले लोक भेटले की पावसापाण्याचे बोलतात. बाईंना रात्री दोनच्या सुमारास जाग येते, छाती भरून येते, डोके जड होते. तीन डॉक्टर झाले, रक्त-लघवी तपासली, सगळे ठीक निघाले. शेवटी त्यांनी विचारले आहे, "मन मोकळे केले की बरे वाटते असे लोक म्हणतात. पण माझी जाऊ म्हणते, खपली कशाला काढायची? डॉक्टर, यात खरे काय?"

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे आहे. शरीराच्या जखमेचेच घ्या. चांगली कोरडी खपली धरलेली जखम आम्ही डॉक्टर लोक उगाच उकरत नाही, ती आतून भरत असते. पण वरून कातडी मिटलेली आणि आत पू साठलेला असेल तर चीर द्यावीच लागते. नाहीतर रुग्णाला ताप येत राहतो आणि आम्ही तापाच्याच गोळ्या देत राहतो. अशा तापाच्या गोळ्या मीसुद्धा पुष्कळ दिल्या आहेत, त्याची कबुली पुढे देणारच आहे.

मोठा आघात झाला की काय होते, ते आधी पाहू. अपघात, भूकंप, पूर, मारहाण, अत्याचार, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, असे काही घडले की पहिले काही दिवस झोप न येणे, दचकणे, तेच तेच डोळ्यांपुढे येणे हे कोणालाही होते. तो आजार नव्हे. बहुतेक माणसे काही आठवड्यांत, काही महिन्यांत घरच्यांच्या आधाराने सावरतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र ती आठवण जुनी होतच नाही. नेहमीच्या आठवणींना जणू तारीख असते. मागच्या दिवाळीची आठवण आली तर ती मागच्या दिवाळीची आहे हे आपल्याला ठाऊक असते. आघाताच्या आठवणीला अशी तारीख नसते. ती तुकड्यातुकड्यांनी येते, एखादा आवाज, एखादा वास, अंगावर आलेला शहारा. आणि येते तेव्हा आत्ताच घडत असल्यासारखी येते. छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. माझ्या दवाखान्यात जुन्या केस पेपरांचा एक खोका आहे, त्यात पाने सुटी आहेत आणि तारखा फाटलेल्या आहेत. त्यातून एक पान वर आले की ते आजचे की दहा वर्षांपूर्वीचे, हे माझा कंपाउंडरही सांगू शकत नाही. तसेच काहीसे डोक्यात होते.

मग माणूस तो खोकाच उघडायचा नाही असे ठरवतो. तो रस्ता टाळतो, ते नाव टाळतो, लग्नकार्य टाळतो. काही जण दारूने तो खोका दाबून ठेवतात.

अमेरिकेतील प्रयोग

लिहिण्याचा आणि तब्येतीचा संबंध असतो, हे आपल्याकडच्या आज्यांना न सांगताही ठाऊक होते. त्याची रीतसर तपासणी मात्र अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सँड्रा बील यांच्या प्रयोगात ४६ विद्यार्थी होते. त्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना साध्या गोष्टींवर लिहायला सांगितले, म्हणजे आपली खोली, आपले बूट वगैरे. बाकीच्यांना आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यावर लिहायचे होते. त्यातही तीन गट होते. एकाने फक्त काय घडले ते लिहायचे, दुसऱ्याने फक्त मनाला काय वाटले ते, आणि तिसऱ्याने दोन्ही एकत्र. पुढच्या सहा महिन्यांत हे विद्यार्थी महाविद्यालयाच्या दवाखान्यात किती वेळा गेले ते मोजले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही एकत्र लिहिल्या होत्या, त्यांच्या खेपा कमी झाल्या. नुसती हकिगत लिहिणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिहून उठल्याबरोबर या मुलांना बरे वाटले नव्हते. उलट मन उदास झाले होते आणि रक्तदाबही वर गेला होता. चीर दिल्यावर आधी दुखतेच.

पुढे १९९९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दम्याचे आणि सांधेवाताचे ११२ रुग्ण घेऊन केलेला अभ्यास आला. औषधे चालू ठेवून काहींना तीन दिवस २० मिनिटे आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावले. चार महिन्यांनी पाहिले तर त्यांच्यापैकी शेकडा ४७ जणांची प्रकृती स्पष्ट सुधारली होती. साध्या विषयावर लिहिणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा २४ होते. हे वाचून कोणी दम्याचा पंप फेकून देऊ नये. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सरासरी फायदा खरा पण लहान आहे असे निघाले. वही हा रामबाण उपाय नव्हे. पण तिला शंभर रुपयांहून कमी खर्च येतो, आणि माझ्या कपाटातल्या कित्येक टॉनिकांबद्दल एवढेही म्हणता येणार नाही.

पेनेबेकर यांनी नंतर त्या वह्यांतले शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी 'कारण', 'म्हणून', 'आता कळते' या जातीचे शब्द वाढलेले होते. म्हणजे नुसते ओकून टाकणे पुरत नाही. विस्कटलेल्या तुकड्यांना आधी-नंतरचा क्रम मिळतो, एक गोष्ट तयार होते, आणि गोष्ट झाली की तिला तारीख लागते.

किल्लारीची आजी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला तेव्हा मी इंटर्न होतो. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्याखाली हजारो माणसे गेली. आमची तुकडी तिसऱ्या दिवशी पोचली. हाडे मोडलेल्यांना आधीच हलवले होते. आमच्या वाट्याला ड्रेसिंग, जुलाब, आणि नुसती बसून राहिलेली माणसे आली.

त्यात एक आजी होती. पत्र्याच्या शेडजवळ येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवी आणि सांगायला लागे. नातवाला लघवीला उठवलं म्हणून मी आणि तो अंगणात होतो, सून आत होती, आधी कुत्री भुंकली, मग आवाज आला... प्रत्येक वेळी तीच गोष्ट, त्याच क्रमाने. दिवसातून वीसदा तरी. मला वाटले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी झोपेच्या इंजेक्शनाची तयारी केली, तेव्हा आमचे वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "राहू दे. तिला सांगू दे. तुला ऐकायला वेळ नसेल तर दुसऱ्याला बसव." मी बसलो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या गोष्टीत नवी वाक्ये येऊ लागली. सून आदल्या रात्री काय म्हणाली होती, कोणते लुगडे नेसली होती. आम्ही निघालो त्या दिवशी ती सांगत होती, पण वाटेने जाणाऱ्याला थांबवून नव्हे, शेजारणीशी बसून.

शेजारच्याच शेडमध्ये एक गृहस्थ होते. कागद-पेन घेऊन माणसे येत आणि विचारत, "घरात किती? गेले किती? घर किती खणांचे?" ते बिनचूक आकडे सांगत. पंचनाम्यासाठी ते हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गृहस्थांना आकड्यांपलीकडे काही विचारलेले मी कधी पाहिले नाही, मीही विचारले नाही. त्यांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, पण त्यांची आठवण मला आजीपेक्षा जास्त वेळा येते.

आपल्या जुन्या रीतींत याची सोय होती. मयताच्या घरी दहा-बारा दिवस माणसे भेटायला येतात आणि प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं?" घरचे पुन्हा पहिल्यापासून सांगतात. शहरी लोकांना हा छळ वाटतो, पण दहाव्या वेळी सांगताना आवाज पहिल्यासारखा फुटत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बायका गळ्यात पडून हेल काढत मेलेल्याचे सारे चरित्र सांगतात. जात्यावर बसले की ओवी सुचते म्हणतात, आणि त्या ओवीत सासुरवास, मेलेले मूल, न भेटलेला भाऊ सगळे येई, तेही पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते गेले ते कष्टांच्या दृष्टीने बरेच झाले, पण ती पहाटेची जागा बायकांना दुसरी कोणती मिळाली, हे मी पुष्कळ शोधले आहे.

आणि काही दुःखे अशी आहेत की त्यांना "कसं झालं?" असे कोणी विचारतच नाही. आत्महत्या हे त्यातले पहिले. लहानपणी घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार हे दुसरे. तिसरे, ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला त्याचे.

अण्णांची वही

हे तिसरे मला अण्णांनी शिकवले. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. अण्णा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. अकरा वर्षे ते माझ्याकडे येत होते. छातीत धडधड, अ‍ॅसिडिटी, झोप नाही, रक्तदाब काही केल्या आटोक्यात नाही. कार्डिओग्रॅम साधा, पुण्याला जाऊन केलेली स्ट्रेस टेस्टही साधी. मी केस पेपरवर 'गॅसेस' लिहून गोळ्या बदलत राहिलो. अकरा वर्षांत एकही प्रश्न वेगळा विचारला नाही, हा दोष माझा.

एके दिवशी ते समोर बसलेले असताना रस्त्यावर ट्रकचा ब्रेक करकचून वाजला. अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली, चेहऱ्यावर घाम आला, आणि उजवा पाय जमिनीवर दाबून धरला. बराच वेळ सोडला नाही. मी विचारले, "अण्णा, कधी अपघात झाला होता?" ते म्हणाले, "झाला होता. चौकशी झाली. निर्दोष सुटलो." आणि उठून गेले.

पुढच्या खेपेला कळले. एकोणीस वर्षांपूर्वी उसाच्या बैलगाडीमागून एक मुलगा धावत रस्त्यावर आला होता. बोलायला ते तयार नव्हते. मी शंभर पानी वही पुढे केली. म्हटले, चार दिवस, रोज वीस मिनिटे, जे झाले ते लिहा. कोणाला दाखवायचे नाही. पण नोकरीची सवय! दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन हजर. तपासून घ्यायला. लिहिले होते, 'दिनांक अमुक रोजी उपरोक्त वाहन घेऊन निघालो असता प्रवासी संख्या ४१, वेग मर्यादेत...'

मी म्हणालो, "अण्णा, हा तर जबाब झाला."

"जबाबच दिलाय ना तीन ठिकाणी. पोलिसात, खात्यात, कोर्टात."

"यात तुम्ही कुठे आहात?"

"स्टिअरिंगवर."

"ते झालं हो. तुम्ही?"

ते काही बोलले नाहीत. रक्तदाब पाहिला तर १७०/१०० होता. मला भीती वाटली, आपण नसते काही सुरू तर केले नाही? दोन दिवसांनी पुन्हा या म्हटले, ते आठ दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा वहीची तेवीस पाने भरली होती. मी ती वाचली नाहीत. त्यांनी त्यातली एकच गोष्ट सांगितली. मुलगा आडवा आला त्या क्षणी आपण समोर न बघता डाव्या आरशात बघत होतो, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. कोर्ट निर्दोष म्हणाले, पण कोर्टाला आरसा ठाऊक नव्हता. एकोणीस वर्षे हा आरसा त्यांच्या छातीवर होता. क्रमाने लिहिताना त्याच्या आधीचे आठवले. कंडक्टरने एक बेल दिली होती, फाट्यावर एका म्हातारीला उतरायचे होते. एक बेल म्हणजे थांबा. "म्हणून मी डाव्या आरशात पाहिलं, डॉक्टरसाहेब. बाजूला घ्यायची म्हणजे डावा आरसा बघावाच लागतो. म्हणूनच गाडीचा वेगही कमी केला होता मी."

त्यांच्या तोंडून तो 'म्हणून' ऐकून मला त्या अमेरिकन वह्यांची आठवण झाली. मुलगा परत आला नाही, येणारही नाही. अण्णांचे दुःखही संपले नाही. पण ते आता गुन्ह्यासारखे न राहता दुःखासारखे झाले. झोप सुधारली. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांतली एक सहा महिन्यांनी मी कमी केली, दुसरी चालू आहे. ब्रेक वाजला की ते अजून दचकतात.

लिहायचे असेल तर

हे घरी कसे करावे? घटनेनंतरच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत लिहिण्याची घाई करू नये, तेव्हा झोप, जेवण आणि माणसांची सोबत महत्त्वाची. ओळीने तीन-चार दिवस, १५ ते २० मिनिटे पुरतात. झोपण्यापूर्वी लगेच लिहायला बसू नये. घरी बोलतो त्या भाषेत लिहावे, शुद्धलेखन विसरावे. घडले ते आणि वाटले ते, दोन्ही यावे. लिहिताना आपला तोल सुटतो आहे असे वाटले तर त्या दिवशी तो विषय सोडावा, दुसऱ्या कशावर लिहावे किंवा उठून बाहेर यावे. लिहिल्यावर तासभर उदास वाटणे साहजिक आहे, पण चार-पाच दिवसांनंतरही अधिकच बिघडत गेले तर लिहिणे थांबवून डॉक्टरांना भेटावे. आणि तेच ते महिनोन्महिने उगाळत बसू नये, त्याने जखम भरत नाही.

लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवले तरी चालते. बोलून केलेल्या प्रयोगांतही फायदा दिसला आहे. लहान मुलांना चित्र काढू द्यावे आणि चित्राविषयी त्यांना सांगायचे तेवढेच सांगू द्यावे.

ऐकणाऱ्यांनाही एक सूचना. कोणाच्याही तोंडून बळजबरीने काढून घेऊ नका. आघातानंतर लगेचच प्रत्येकाला बसवून सगळे वदवून घेण्याची एक पद्धत मध्यंतरी परदेशात फार रूढ झाली होती. नंतर नीट तपासणी झाली तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही, काही अपघातग्रस्तांना तर उलट त्रासच झाला असे आढळले. ज्याला सांगायचे आहे त्याला जागा द्यावी. ज्याला नाही त्याच्या शेजारी बसून चहा प्यावा.

आत्महत्येचे विचार येणे, दारू वाढणे, महिन्याहून अधिक काळ झोप नसणे, तोच प्रसंग वारंवार जागेपणी दिसणे, यांपैकी काही असेल तर एकट्याने वही घेऊन बसू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तेथे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते. तज्ज्ञांकडेही लेखनाचा उपयोग करणाऱ्या पद्धती आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आघातोत्तर आजाराच्या १२६ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच बैठकांत लेखनाचा उपचार दिला, तर बाकीच्यांना बारा बैठकांचा प्रस्थापित उपचार. लेखनाचा उपचार कमी ठरला नाही, आणि मध्येच सोडून जाणारेही त्यात कमी होते. चालू गोळ्या मात्र कोणी मनाने बंद करू नयेत.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस : ताई, तुमचे दोन पानी पत्र मी पुन्हा वाचले. पहिल्या पानावर तुम्ही 'सदर घटना' असे लिहिले आहे, दुसऱ्या पानाच्या मध्यापासून 'हे गेले तेव्हा' असे. सुरुवात तुम्ही केलेलीच आहे. तेथून पुढे लिहा, आणि जमेल त्या दिवशी तो फोटो बाहेरच्या खोलीत आणा. सासूबाईही रात्री दोनला जाग्या असतील, विचारून पाहा. छाती भरून येण्यासाठी एकदा कार्डिओग्रॅम काढून घ्या, म्हणजे ती शंका राहणार नाही, आणि जिल्हा रुग्णालयातल्या त्या विभागातही एकदा दाखवून या.

पुष्कळांचा प्रश्न असतो, वहीचे नंतर काय करायचे? काही जण जाळतात, काही नदीत सोडतात, काही जपून ठेवतात. कसेही चालते. अण्णांनी एका रविवारी ती वहिनींना वाचून दाखवली. वहिनींना वाचता येत नाही. तेवीस पाने ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला कुठं नवीन आहे हे? एकोणीस वर्षं झोपेत तुमचा उजवा पाय दाबला जातोय. मी माझी वाकळ तेव्हापासून डाव्या बाजूला घालते."

वही आता अण्णांच्या ट्रंकेत आहे, खाकी गणवेशाच्या घडीखाली.